अंगठ्याखालची नाडी

शुभांगी: सकाळी अकराला डाव्या डोळ्याची फट नऊ मिलिमीटर होती. आता साडेचारला पाच. उजवी सात. पापणीची कड बरोबर बुबुळाच्या मधून गेलीय, काका. हलू नका.

शिवलिंगप्पा: पट्टी बाजूला घे गं. चाळीस वर्षं किराणा विकला, पर एवढं बारीक माप म्या बी कधी धरलं न्हाय.

शुभांगी: वर बघा, माझ्या बोटाकडं. नजर खाली आणायची नाही. मी मोजते.

शिवलिंगप्पा: बघायलोय की.

शुभांगी: डोळा वर आहे, पापणी खाली आली. बाराव्या सेकंदाला. आता मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे म्हणा. मध्ये थांबायचं नाही.

शिवलिंगप्पा: सकाळीच म्हणलो ना.

शुभांगी: सकाळी पंचवीसपर्यंत गेला होता. म्हणा.

शिवलिंगप्पा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, धा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा…

शुभांगी: आणि अठरा?

शिवलिंगप्पा: अठरा विसरलो.

शुभांगी: विसरला नाहीत, हवा संपली. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, आकडा विसाच्या खाली आला की माणूस घरी ठेवायचा नाही. गिळायचं बंद होतंय, पाठोपाठ श्वासाचं होतं. मल्लेश गाडी घेऊन कोपऱ्यावर उभा आहे. बार्शीवरून अडीच तास. आत्ता उठलात तर सातला आपण दवाखान्यात.

शिवलिंगप्पा: मल्लेशला चहा पाज आन् लावून दे.

शुभांगी: चार महिने तुम्ही हेच म्हणताय. मी धाराशिवहून फोन केला की म्हणता, बरं हाय. आज आईनं फोन केला की भाकरी सोडली, आंबीलसुद्धा नाकातून येते. तेव्हा कॉलेजला रजा टाकून पहिल्या एसटीनं आले.

शिवलिंगप्पा: वहिनीला लई घाई. तुझ्या काकीनं डोळं मिटल्यापासनं सात वर्षं ताट वहिनीच्या घरनंच येतंय, तर तिला वाटतंय माझा घास बी तिनंच मोजायचा.

शुभांगी: घास तिनं मोजला, गोळ्या कुणीच मोजल्या नाहीत. दहा पट्ट्या आणून दिल्या होत्या मी. मघाशी मुरमुऱ्याच्या डब्यात हात घातला तर सात पट्ट्या न फोडलेल्या. कुणासाठी ठेवल्यात?

शिवलिंगप्पा: त्यानं पोटात कळ येती.

शुभांगी: पोटात कळ येते म्हणून माणूस मला सांगतो. डब्यात लपवत नाही.

शिवलिंगप्पा: सोनारीला गेलतो. भैरवनाथाच्या देवळात ओसरीवर रातभर पडलो. सकाळी उठलो तर डोळा टक्क उघडा. पुजारी बी म्हणला, उघडला. गोळीबिगर उघडला ना?

शुभांगी: रोज सकाळी उघडतोच. झोप झाली की उघडतो. दुपारी परत मिटला का नाही?

शिवलिंगप्पा: हितं भूमच्या स्टँडवर उतरेपर्यंत मिटला.

शुभांगी: मग?

शिवलिंगप्पा: मंग काय. ही पापणी माझी न्हाय, शुभे.

शुभांगी: कुणाची आहे?

शिवलिंगप्पा: दादाची. तुझ्या बापाची, अण्णाची. त्याला जाऊन बत्तीस वर्षं झाली, हितंच, ह्याच अंगणात. आधी डावी उतरली, मंग उजवी. मंग आवाज नाकात गेला, मंग घोट उतरंना. एकेक पायरी तीच. आरशात बघितलं की दाढी माझी, कान माझं, आन् डोळं त्याचं. म्हणून आरसाच लावत न्हाय दाढीला.

शुभांगी: तरीच गाल कापलाय.

शिवलिंगप्पा: कापू दे. तो मला त्याच्याच वाटंनं न्यायलाय. त्याचं बरोबर बी हाय. तुझ्या गोळ्यानं म्या वाट आडवणार न्हाय.

शुभांगी: अण्णा असं करतील? तुम्हाला?

शिवलिंगप्पा: त्यानं का करावं, ते तुला ठाव न्हाय.

शुभांगी: आवाज नाकात यायला लागला तुमचा. जितकं बोलाल तितका जाईल. आता दोन मिनिटं गप्प बसायचं. डोळे मिटा. रुमालात बर्फ आहे, आईच्या फ्रीजमधला. डाव्या पापणीवर ठेवते.

शिवलिंगप्पा: गार लागतंय.

शुभांगी: लागणारच. बोलू नका म्हटलं ना.

शिवलिंगप्पा: मंग तू बोल. अंधारात गप बसवू नको मला.

शुभांगी: बोलते. तुमच्या मेंदूला पापणी उचलायची असते. हुकूम निघतो, तारेसारख्या नसेतून इथपर्यंत येतो. आता लोकांना वाटतं ही नस स्नायूला जोडलेली असते. नसते. टेकतसुद्धा नाही. मध्ये एक फट असते. केसाच्या जाडीचे दीड हजार भाग करा, त्यातला एक, एवढीशी. पण फट ती फट. हुकूम तिथं येऊन थांबतो, वीज पुढं जात नाही.

शिवलिंगप्पा: मंग पुढं कसं?

शुभांगी: नसेच्या टोकाशी पुड्या बांधून ठेवलेल्या असतात. तुम्ही दुकानात हळदीच्या, जिऱ्याच्या बांधून ठेवायचात, तशा. हजारो. आत एक रसायन. हुकूम आला की वीस-पन्नास पुड्या एकदम फुटतात, रसायन फट ओलांडून पलीकडं जातं. स्नायूवर त्याच मापाच्या खोबणी असतात. खोबणीत बसलं की स्नायू आखडतो, पापणी उचलते. आणि लगेच एक झाडणारा येतो, सांडलेलं रसायन झाडून नेतो, म्हणजे पुढच्या हुकुमाला जागा साफ.

शिवलिंगप्पा: लगीच येतो? म्हंजे नगरपालिकेचा न्हवं.

शुभांगी: हसू नका, बर्फ सरकतो. तुमची नस चांगली आहे. पुड्या भरपूर आहेत. खोबणी बुजल्यात. तुमच्याच रक्तानं, शत्रू समजून बुजवल्यात. दहातल्या सात बंद. पहिला हुकूम कसाबसा पोचतो, दुसरा कमी, दहावा पोचतच नाही. म्हणून सकाळी बरं आणि दुपारी मिटलेलं. आता थंडीत तो झाडणारा सावकाश काम करतो. रसायन जास्त वेळ फटीत राहतं, उरलेल्या तीन खोबणी त्याला सापडतात. तुमची गोळीही तेच करते, झाडणाऱ्याचा हात धरते. झाली दोन मिनिटं. उघडा. साडेआठ मिलिमीटर. सकाळपेक्षा अर्धाच कमी.

शिवलिंगप्पा: उघडला गं.

शुभांगी: उघडला. मग दोन मिनिटांत गेलं कोण? अण्णा गेले? माणूस बत्तीस वर्षांनी वर येतो आणि एका बर्फाच्या तुकड्याला भिऊन पळतो?

शिवलिंगप्पा: हसवू नको. हसलं की तोंड वाकडं हुतंय.

शुभांगी: तेही त्याच फटीमुळं. हा आजार आहे, काका. त्याला नाव आहे, औषध आहे. तो तुमचा आहे, अण्णांचा नाही.

शिवलिंगप्पा: बरं. मंग दादाच्या पुड्याचं काय झालतं?

शुभांगी: पाणी देऊ थोडं?

शिवलिंगप्पा: उतरत न्हाय. सांग तू. त्याच्या बी खोबणी बुजल्या व्हत्या?

शुभांगी: नाही.

शिवलिंगप्पा: तुला ठाव हाय. तोंडावर दिसतंय तुझ्या.

शुभांगी: त्यांच्या पुड्याच संपल्या होत्या. नसेच्या टोकाला एकही उरली नव्हती.

शिवलिंगप्पा: कुणी संपवल्या?

शुभांगी: मण्यारनं.

शिवलिंगप्पा: साप? न्हाय. अंघोळ म्या घातली त्याला. पायाच्या बोटापासनं डोक्यापतुर बघितलं. कुठं खूण न्हाय, सूज न्हाय.

शुभांगी: मण्यारची नसते. दात सुईपेक्षा बारीक. सूज नाही, आग नाही. झोपलेला माणूस जागाही होत नाही. आठवतंय कधीचं? किल्लारीचा भूकंप होऊन पंधरा दिवस झाले होते. जमीन अजून अधूनमधून हलत होती. घर अंगावर पडेल म्हणून अख्खी गल्ली उघड्यावर झोपायची. घराला इतके भ्यालो होतो की जमिनीचं कुणाच्या मनातच आलं नाही. आपण ह्याच अंगणात वाकळी टाकल्या होत्या. अण्णांच्या डाव्या अंगाला मी.

शिवलिंगप्पा: तीनला पोट दुखाया लागलं म्हणून उठला. उलटी झाली. आमी म्हणलं, पाणी बाधलं.

शुभांगी: मण्यारनं पोट दुखतं. पहाटे त्यांनी मला हलवलं. म्हणाले, शुभे, तू दोन दिसतीयस गं. मी नऊ वर्षांची. मला वाटलं, खेळतायत. एक डोळा झाकून त्यांच्यापुढं नाचले, म्हटलं, आता किती? ते म्हणाले, आता बी दोन. आणि मी हसले. त्यांचा आवाज नाकातून येत होता, मला वाटलं तोही खेळच. मी त्यांच्यासारखं नाकातून बोलून दाखवलं.

शिवलिंगप्पा: लेकरू व्हतीस.

शुभांगी: होते.

शिवलिंगप्पा: कवा कळालं तुला, मण्यार म्हणून?

शुभांगी: एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. ह्याच फटीवरचा धडा होता. त्यात मण्यारवर पाच ओळी. उघड्यावर झोपलेला माणूस, पोटदुखी, पापण्या उतरणं, एकाची दोन दिसणं, नाकातला आवाज, खूण नाही. चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं.

शिवलिंगप्पा: किती वर्षं झाली?

शुभांगी: अठरा.

शिवलिंगप्पा: आन् बोलली न्हाईस.

शुभांगी: कुणाशी बोलू? आई अजून सगळ्यांना सांगते, पोटाच्या दुखण्यानं गेले पण पुण्यवान गेले, अंत्यविधीला बसवल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. मी नर्सिंगच्या मुलींना दरवर्षी शिकवते. एक माणूस, वय अडतीस, जमिनीवर झोपलेला. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. मुली वहीत उतरवून घेतात. परीक्षेला येतं ते.

शिवलिंगप्पा: पाचवी वळ काय व्हती?

शुभांगी: काका, उशीर होतोय.

शिवलिंगप्पा: पुस्तक मिटलंस. मंग उघडलं असशीलच की.

शुभांगी: दुसऱ्या दिवशी उघडलं.

शिवलिंगप्पा: काय व्हती?

शुभांगी: की रोगी मेल्यासारखा दिसतो, पण शुद्धीवर असू शकतो. कृत्रिम श्वास देत राहिलं तर वाचतो.

शिवलिंगप्पा: शुद्धीवर.

शुभांगी: विष मेंदूत शिरत नाही. मेंदू हुकूम सोडतच राहतो. डोळे उघड, हात हलव, बोल. प्रत्येक हुकूम नसेच्या टोकापर्यंत जातो आणि फटीशी थांबतो, कारण फोडायला पुडीच नसते. हृदयाला ह्या फटीची गरज नाही, ते आपल्या लयीत चालतं. कानही चालतात.

शिवलिंगप्पा: म्हंजे ऐकू येतं.

शुभांगी: ऐकू येत असावं.

शिवलिंगप्पा: ‘गेला’ म्हणणारा पहिला म्याच. आठ वाजलं व्हतं. डॉक्टर सगळं उमरग्याला, भूकंपातल्या माणसाकडं. हितं कोणी न्हवतं. सगळी माझ्या तोंडाकडं बघायली. म्या हात लावला, नाकापुढं बोट धरलं. काय लागलं न्हाय. म्हणलो, गेला. ऐकलं आसंल त्यानं.

शुभांगी: सावकाश. वाक्य तोडा. मध्ये श्वास घ्या.

शिवलिंगप्पा: अंघोळ घातली. भस्म लावलं. आपल्या लिंगायतांत मेलेल्याला बसवत्यात, म्हणून भिंतीला बसवलं. डोकं लवायलं, म्हणून कपाळाला पट्टा बांधून खुंटीला ताणला. म्याच ताणला. बारा वाजता डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. भस्मातनं गालावर रेघ पडली.

शुभांगी: आई सांगते ते.

शिवलिंगप्पा: जंगम अय्या म्हणले, शिवानं हाक मारली, आनंदाचं पाणी हाय. बाया पाया पडाया लागल्या. तुझी आई बी पडली. लोकं परत परत बघाया आली. कुणाच्या मनात न्हाय आलं, की मेलेला रडत न्हाय.

शुभांगी: तुमच्या आलं?

शिवलिंगप्पा: आलं.

शुभांगी: तुम्ही बोलला नाहीत?

शिवलिंगप्पा: अय्या बोलले व्हते. त्यांच्यापुढं काय बोलू? अजून… अजून हाय पुढं.

शुभांगी: थांबा. आधी मोजू.

शिवलिंगप्पा: मोजू नको. ऐक. आवाज हाय तवर ऐक. चारला समाधीच्या खड्ड्यात उतरवलं. खाली म्याच गेलो. कोनाड्यात बसवलं. डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवायचं आसतंय. हात ढिल्ला. लिंग घसरायलं. म्हणून मनगट धरलं. आन् ठोका लागला.

शुभांगी: नाडीचा?

शिवलिंगप्पा: टक. टक. टक. आसा.

शुभांगी: किती वेळ?

शिवलिंगप्पा: ठाव न्हाय. वरनं माणसं म्हणायली, आटपा, जमीन हलंल. आदल्या दिशीच हललती. म्या वर बघितलं. सगळ्याचं पाय दिसत व्हतं, काठावर. म्या हात सोडला. वर आलो. माती पहिली म्याच टाकली. बोल की. तू शिकलीस. आता बोल.

शुभांगी: कोणत्या बोटाखाली लागला?

शिवलिंगप्पा: आँ?

शुभांगी: ठोका. मनगट धरलं होतं ना, मग कोणत्या बोटाला लागला? तळवा वर होता. माझा हात घ्या, तसाच धरा. डोळे मिटून धरा, म्हणजे हाताला आठवेल.

शिवलिंगप्पा: आसं. चार बोटं खालनं. आंगठा वर.

शुभांगी: खात्री आहे?

शिवलिंगप्पा: बत्तीस वर्षं तोच आंगठा हाय. आंगठ्याला लागला.

शुभांगी: काका, पहिल्या वर्षाच्या मुलींना पहिल्या आठवड्यात मी हे शिकवते. नाडी कधीही अंगठ्यानं बघायची नाही. अंगठ्याच्या पोटात आपली स्वतःची शीर ठोके देत असते. घाबरलेल्या माणसाच्या तर फारच. प्रेताच्या मनगटावर अंगठा ठेवला तरी टक टक लागतं. तो ठोका तुमचा असेल.

शिवलिंगप्पा: आसंल?

शुभांगी: असेल.

शिवलिंगप्पा: व्हता म्हण.

शुभांगी: ते मला म्हणता येत नाही. श्वास आठलाच पूर्ण थांबला असेल तर हृदय फार तर दहा मिनिटं चाललं असणार. मग चार वाजता खाली ठोका कुठून येईल? तुमचाच. पण श्वास अगदी थोडा, बोटाला न लागण्याइतका चालू राहिला असेल, तर… तर मला माहीत नाही. डोळ्यातलं पाणी अंघोळीचं, पट्ट्याखाली साठलेलं असेल. नसेलही.

शिवलिंगप्पा: आन् डॉक्टर आसता तर?

शुभांगी: मण्यारमध्ये बॅटरी मारली तरी बाहुली हलत नाही. नवखा डॉक्टरही म्हणाला असता, गेला. आणि नसता म्हणाला, तरी श्वासाचं यंत्र तेव्हा भूमला नव्हतं. एवढं मी खात्रीनं सांगू शकते. त्याच्या पुढं नाही.

शिवलिंगप्पा: खोटं सांगितलं आसतंस तरी चाललं आसतं मला.

शुभांगी: मलाही कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं.

शिवलिंगप्पा: म्हणून दवाखाना नको म्हणतोय म्या. कळालं? तुमी घशात नळी घालताल. म्या आत जागा. तुमी वर, काठावर.

शुभांगी: तसं नाही होत. तिथं प्रत्येकाला माहीत असतं की माणूस आत जागा आहे. पहिली गोष्ट तीच शिकवतात. इंजेक्शन द्यायच्या आधी नाव घेऊन सांगतात, काका, आता टोचतोय. तुमची बोटं हलतील, हो-नाही सांगता येईल. रक्तातलं ते बुजवणारं गाळून काढतात, पाच-सात दिवसांत खोबणी मोकळ्या होतात. मी खुर्ची टाकून बसेन आणि बोलत राहीन.

शिवलिंगप्पा: काय बोलशील?

शुभांगी: भांडेन. सात पट्ट्यांबद्दल एकेक दिवस.

शिवलिंगप्पा: मंग येतो.

शुभांगी: येताय? खरंच? मल्लेशला फोन करते.

शिवलिंगप्पा: आधी वहिनीला… सांगायचं.

शुभांगी: काय सांगायचं?

शिवलिंगप्पा: तुला सांगितलं ते. पाणी. ठोका.

शुभांगी: नाही. काका, आईला नाही. तिच्याकडं अण्णांची ती एक रेघ आहे, भस्मातली. बाकी काही नाही. फोटोसुद्धा लग्नातला, त्यात अण्णांचं तोंड मुंडावळीनं झाकलंय. ती दर वर्षी समाधीवर बिल्वपत्र घेऊन जाते, तिथं बसते, त्या पाण्याबद्दल बोलते आणि शांत होऊन घरी येते. तुम्ही ते काढून घेणार?

शिवलिंगप्पा: तिच्या हातचं खातोय. सात वर्षं. उतरत न्हाय.

शुभांगी: उतरत नाही ते आजारानं. मी आत्ताच समजावून सांगितलं.

शिवलिंगप्पा: तू पुड्याचं सांगितलं.

शुभांगी: बरे होऊन या, मग सांगा. दिवाळीत सांगा. मी आडवी येणार नाही.

शिवलिंगप्पा: नळी… निघाली न्हाय तर?

शुभांगी: निघते. बहुतेकांची निघते.

शिवलिंगप्पा: बहुतेकांची.

शुभांगी: मोजा. एका श्वासात.

शिवलिंगप्पा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात… आठ… नऊ…

शुभांगी: नऊ. काका, अर्ध्या तासात सतराचे नऊ झाले. आता वाद नको. उठा. माझ्या खांद्यावर हात टाका.

शिवलिंगप्पा: सांगितल्याबिगर… न्हाय.

शुभांगी: तुम्ही मराल इथं बसून.

शिवलिंगप्पा: सांगून… मरतो.

शुभांगी: काय हट्ट आहे हा. तुम्हाला उचलून न्यायला लावू का मल्लेशला?

शिवलिंगप्पा: न्या. तसं बी… एकाला… नेलंच की… न इचारता.

शांतम्मा: शुभे, तो मल्लेश दारात हॉर्न वाजवायलाय. म्हणतोय, निघायचं का गाडी लावू? एनातु? काय झालं? दोघं अशी का बसलायत? भावजी, आंबील गाळून आणलीय, पाण्यागत केलीय. चमच्यानं घ्या दोन घोट आन् चला. माझी बी पिशवी भरलीय, म्या बी येते सोलापूरला.

शिवलिंगप्पा: वहिनी… दादाच्या…

(शिवलिंगप्पा पुढचा शब्द म्हणायला तोंड उघडतो. हवा नाकातून निसटते. तो हातानं जबडा वर धरतो, पुन्हा प्रयत्न करतो. ओठ हलतात, शब्द होत नाही.)

शांतम्मा: काय म्हणायलेत? मला काय उमगंना.

शुभांगी: काका, बस. आता एकही शब्द नाही. जोर श्वासाला राखून ठेवा.

शांतम्मा: अगं उठव की त्यांना. ओठ काळं पडायलेत. माझा हात का धरलाय ह्यांनी? भावजी, सोडा, वाटी सांडती. असं काय बघायलाय माझ्याकडं?

शुभांगी: ते उठणार नाहीत, आई. त्यांना तुला काहीतरी सांगायचंय, त्याशिवाय ते गाडीत बसणार नाहीत.

शांतम्मा: आता? आल्यावर सांगतील की. म्या कुठं पळून चाललेय?

शुभांगी: आता. आवाज गेलाय त्यांचा, आणि वेळही नाही.

शांतम्मा: मंग कसं सांगणार?

शुभांगी: वाटी खाली ठेव आणि इथं बस, आई. अण्णांना त्या रात्री मण्यार चावला होता, हे मला अठरा वर्षं माहीत आहे. पुढचं काकांचं आहे. तेही मीच सांगते.